उनकेश्वरचे पाणी आणि गोबरगॅसची टाकी
एकाच वासाच्या दोन गोष्टी



या सदरात आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण तो एका सभासदाच्याच प्रश्नातून निघाला आहे, आणि त्याचे उत्तर कोणाच्या तरी घरातला माणूस वाचवू शकते. म्हणून संपादकांकडे हट्ट धरून ही जागा मागून घेतली.

झाले असे, की एका गावात खोडव्याची गटसभा झाली. सभा संपून चहा आला. तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक काकाजी जवळ सरकून म्हणाले, "साहेब, मले एक सांगा. मी दरसाली माहूरले जातो अन् तिथून उनकेश्वरले डुबकी मारून येतो. त्या पाण्याचा जो वास, तोच वास आमच्या पोराच्या गोबरगॅसच्या खड्ड्याचा. मंग एका ठिकाणी जाऊन रोग बरा होतो म्हनतात, अन् दुसऱ्या ठिकाणी उतरलं की मानूस मरते म्हनतात. हे काहून?"

मी "मात्रेचा फरक आहे काकाजी," एवढे म्हणून वेळ मारून नेली. परंतु घरी येताना मोटारसायकलवर तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. काकाजींचे नाक बरोबर होते. दोन्हीकडे वायू एकच आहे. त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. हा वायू माणसाच्या प्रकृतीला काय करतो, त्याचे औषध होऊ शकते काय आणि तो जीव कसा घेतो, हे थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

वास नेमका कोणाचा?

आपण सहज म्हणतो, "गंधकाचा वास येतो." गंधक या नावातच गंध आहे. पण शुद्ध पिवळे गंधक हातात घेऊन हुंगले तर त्याला वास जवळजवळ नसतोच. नासलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो गंधक आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून झालेल्या वायूचा. स्वीडनमधील शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७७ च्या सुमारास याचा पद्धतशीर अभ्यास केला.

येथे एक घोटाळा दूर करावा. साखर कारखान्यात रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळतात. त्या भट्टीतून जो झोंबणारा, खोकला आणणारा धूर निघतो तो सल्फर डायऑक्साइड. तो वेगळा वायू आहे. आपल्याला बोलायचे आहे ते जळलेल्या नव्हे तर कुजलेल्या गंधकाविषयी.

जेथे हवा पोहोचत नाही आणि ओला सेंद्रिय पदार्थ साचून राहतो, तेथे काही सूक्ष्म जीव सल्फेटमधील ऑक्सिजन वापरून जगतात आणि उरलेले गंधक या वायूच्या रूपाने सोडून देतात. शेणाची टाकी, संडासची सेप्टिक टँक, साचलेले गटार, कारखान्याच्या सांडपाण्याचा गाळ, प्रेसमडपासून गॅस करण्याचे संयंत्र, ही सगळी त्यांची घरे. जेथे डिस्टिलरी आहे तेथील स्पेंट वॉशमध्ये सल्फेट भरपूर असते. त्यामुळे त्यापासून निघणाऱ्या गॅसमध्ये हा वायू फार मोठ्या प्रमाणात असतो.

ज्यांच्या घरी गोबरगॅसची शेगडी आहे त्या भगिनींनी एक गोष्ट पाहिली असेल. स्वयंपाकघरातील तांब्या-पितळेची भांडी आणि पायातील चांदीच्या तोरड्या लवकर काळ्या पडतात. ही याच वायूची करामत. इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवर १७०० साली एक ग्रंथ लिहिला. त्यात शौचकूप उपसणाऱ्या माणसांचे डोळे सुजतात आणि त्यांच्या खिशातील तांब्या-चांदीची नाणी काळी पडतात, अशी नोंद आहे. तीनशे वर्षांपूर्वीचे नाणे आणि आपल्या घरची तोरडी एकच साक्ष देतात.

उनकेश्वरचे कुंड

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीपलीकडे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. इकडे आपल्या जिल्ह्यात वणी तालुक्यातील कायर येथे आणि पैनगंगेच्या काठावरील कापेश्वर येथेही गरम पाण्याचे झरे आहेत. उनकेश्वरची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. शरभंग ऋषींना दुर्धर त्वचारोग झाला होता; प्रभू रामचंद्रांनी बाण मारून जमिनीतून उष्ण पाणी काढले; त्या पाण्याने ऋषींची व्याधी गेली. आजही अंगाची खाज, खरूज, सांधेदुखी घेऊन माणसे तेथे येतात.

कथा श्रद्धेची आहे, तिच्याशी आपला वाद नाही. शास्त्राच्या दृष्टीने एवढे सांगता येते, की खोल जमिनीत तापलेले पाणी खडकांतील क्षार आणि गंधकाची संयुगे घेऊन वर येते. गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात आणि सांध्यांचे दुखणे काही काळ उतरते. गंधक त्वचेवरील जाड झालेला थर मऊ करते आणि खरजेच्या किड्यांना मारते. म्हणूनच गंधकाचे मलम डॉक्टर आजही खरजेवर देतात. युरोपात आणि जपानात अशा झऱ्यांवर शेकडो वर्षांपासून स्नानगृहे चालतात. तेव्हा आपले वाडवडील उगाच जात नव्हते.

पण मर्यादाही ध्यानात ठेवावी. कुष्ठरोग पाण्याने बरा होत नाही, तो गोळ्यांनी बरा होतो. वणीहून जवळच वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. तेथे रुग्णांना औषध मिळाले, काम मिळाले आणि मानही मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसला तर उनकेश्वरला जरूर जावे, पण वाटेत आरोग्य केंद्रात उतरूनच जावे.

शरीराच्या आतला कारखाना

आता खरी नवलाची गोष्ट. हा विषारी वायू आपले शरीर स्वतःच तयार करते! आतड्यांतील जंतू तो करतात हे जुनेच ज्ञान आहे. परंतु मेंदूत आणि रक्तवाहिन्यांतही तो तयार होतो आणि तेथे काही काम करतो, हे अलीकडे कळले. १९९६ साली आबे आणि किमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले, की मेंदूत हा वायू निरोप पोहोचविण्याचे काम करीत असावा. डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिनांत सिस्टीन नावाचा गंधकयुक्त घटक असतो. त्यापासून पेशी अत्यंत अल्प प्रमाणात हा वायू काढतात.

त्याचे एक मुख्य काम म्हणजे रक्तवाहिन्या सैल ठेवणे. २००८ साली कॅनडातील रुई वांग आणि अमेरिकेतील सॉलोमन स्नायडर यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हा वायू तयार करणारे एक द्रव्य ज्या उंदरांत नव्हते, त्यांचा रक्तदाब वाढला. म्हणजे वायू फार झाला तर घात, आणि मुळीच नसला तरी बिघाड.

आपली लसणाची चटणीही यात येते. २००७ साली अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात असे दिसले, की लसणातील गंधकयुक्त पदार्थांपासून माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी हाच वायू तयार करतात आणि त्याने रक्तवाहिनी सैल पडते. लसूण ठेचल्यावर तो उग्र वास सुटतो तो त्याच गंधकयुक्त पदार्थांचा. तेव्हा भाकरीबरोबर ठेचा खाण्यात तथ्य आहे. मात्र लसूण खातो म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केली, असे कोणी करू नये. ठेचा जेवणात असावा, गोळी डॉक्टरांच्या सांगण्याने चालू असावी.

औषधाच्या वाटेवर

असा वायू पाहून औषधे करणाऱ्यांचे लक्ष गेले नसते तरच नवल. दोन उदाहरणे देतो.

२००५ साली अमेरिकेत सिएटल येथे मार्क रॉथ यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना या वायूच्या सौम्य मिश्रणात ठेवले. सहा तासांत त्यांच्या शरीराचा व्यापार दहाव्या हिश्शावर आला, अंग थंड पडले, जणू ते गाढ निद्रेत गेले. स्वच्छ हवेत आणल्यावर ते पूर्ववत झाले. अपघातातील रुग्णाला असेच थोपवून धरता येईल काय, अशी आशा निर्माण झाली. पण मेंढ्या आणि डुकरांसारख्या मोठ्या जनावरांत तसा परिणाम मिळाला नाही. उंदराचे गणित माणसाला लागू पडेलच असे नाही.

दुसरे उदाहरण दुखण्याच्या गोळ्यांचे. कंबर धरली की आपण दुकानातून गोळी आणतो. अशा गोळ्या फार दिवस घेतल्या तर जठराला व्रण पडतो. कॅनडात नेप्रोक्सेन या गोळीला हा वायू हळूहळू सोडणारा भाग जोडून नवे औषध बनविले गेले. २४४ निरोगी माणसांवर दोन आठवडे तपासणी झाली. साध्या गोळीने शेकडा ४२ जणांच्या जठरात व्रण दिसले, नव्या गोळीने शेकडा ३ पेक्षाही कमी जणांच्या. निकाल उत्तम होता. परंतु पुढे यकृतावर परिणाम होण्याची शंका आली आणि काम अडले. ते औषध बाजारात आलेले नाही.

तात्पर्य, या वायूपासून औषध होण्याची आशा खरी आहे, पण दवाखान्यात लिहून द्यावे असे औषध अजून हाती आलेले नाही. कोणी गावात येऊन "गंधकाच्या वायूचा उपचार" म्हणून पैसे मागू लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

मारतो कसा?

पेशीत अन्न जळून शक्ती निर्माण होते. त्यासाठी लागणारा ऑक्सिजन जेथे वापरला जातो, त्या शेवटच्या टप्प्यावर हा वायू कुलूप लावतो. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन गुरे दगावतात हे आपण जाणतो. त्या पोंग्यातील विषही याच जागी कुलूप लावते. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. मेंदू आणि हृदय आधी बंद पडतात.

मग शरीरात रोज तयार होणाऱ्या वायूने माणूस का मरत नाही? कारण शरीर तो लगेच जाळून निरुपद्रवी करते. कारखान्याची गाळपक्षमता असते ना, तसेच हे आहे. क्षमतेइतक्या गाड्या आल्या तर गव्हाणीवर ऊस सुरळीत चालतो. एकदम चौपट गाड्या आल्या की यार्ड तुंबते, रस्ता तुंबतो आणि सगळेच थांबते. गोबरगॅसच्या टाकीत घेतलेले दोन-चार श्वास म्हणजे त्या चौपट गाड्या.

हीच गोष्ट उसाच्याही वाट्याला येते. भारी काळ्या रानात कालव्याचे पाणी सतत तुंबले, की माती हवेविना गुदमरते. अशा सरीतील बेट उपटून पाहा. मुळ्या काळ्या पडलेल्या असतात आणि तोच नासका वास येतो. मुळ्यांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि हा वायू त्यांचाही श्वास कोंडतो. वर पाने पिवळी दिसतात म्हणून आपण युरिया टाकतो. तेथे युरिया नव्हे, चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते.

नाक फसवते

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. हवेतील वायूचे प्रमाण दहा लाख भागांत किती, असे मोजतात. आपल्याला टनाचा हिशेब लवकर कळतो. एक टन म्हणजे दहा लाख ग्रॅम. तेव्हा हवेचे दहा लाख भाग म्हणजे एक टन ऊस आणि वायूचा एक भाग म्हणजे एक ग्रॅम, असे समजा.

टनात एका ग्रॅमचा शंभरावा हिस्सा असला तरी नाकाला वास कळतो. इतके आपले नाक तिखट आहे. कायद्याने आठ तासांच्या कामाला घातलेली मर्यादा टनात १० ग्रॅम. टनात १०० ग्रॅम झाले, की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर होते. वास येणे बंद होते! ५०० ते ७०० ग्रॅमला माणूस थोड्या वेळात कोसळतो. १,००० ग्रॅम, म्हणजे टनात एक किलो, असेल तर एक-दोन श्वासांतच खेळ आटोपतो. आणि साध्या गोबरगॅसमध्ये हा वायू काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असू शकतो.

थोडा वास आला तर सावध व्हा. उग्र वास येता येता एकदम गेला, तर तो वायू गेला असे समजू नका. तुमचे नाक गेले आहे. त्या क्षणी बाहेर पडले पाहिजे.

उनकेश्वरचे कुंड उघड्यावर आहे, वायू वाऱ्याने पांगतो. टाकी खोल आणि अरुंद असते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी बसून राहतो. काकाजींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे. जपानमध्ये डिसेंबर २००५ मध्ये अकिता प्रांतातील एका गरम झऱ्याजवळ बर्फातील खळग्यात हाच वायू साचला होता. त्या खळग्यात गेलेल्या एकाच कुटुंबातील चौघांचा जीव गेला. झरा औषधी होता, खळगा नव्हता.

माझी चूक

हे मला पुस्तकातून कळले नाही, म्हणून ते सांगणे भाग आहे.

या कारखान्यात येण्यापूर्वीची गोष्ट. नोकरीला नवीन होतो. एका शेतकऱ्याच्या गोबरगॅसची टाकी साफ करायची होती. वरची लोखंडी टाकी बल्ल्या लावून आठ जणांनी काढून ठेवली. पातळ रबडी बादल्यांनी उपसली. तळाशी घट्ट गाळ राहिला. खड्डा दोन पुरुष खोल. एक तरुण मजूर फावडे घेऊन उतरायला तयार झाला. शेतकऱ्याची म्हातारी आई म्हणाली, "कमरेले दोर बांध, मंग उतर." तिच्या माहेरी विहीर उपसताना माणूस गेला होता. मी हसून म्हणालो, "आजी, झाकण काढून तीन दिवस झाले. आता कुठला गॅस?" म्हातारी ऐकेना. तिच्या समाधानासाठी दोर बांधला.

तो खाली जाऊन गाळ खोदू लागला. गाळ हलला तसे बुडबुडे फुटू लागले. वरपर्यंत घाण वास आला. दोन-तीन मिनिटांनी तो खालून म्हणाला, "साहेब, आता वास गेला बरं." मी म्हणालो, "छान. मग उरक लवकर."

हे शब्द मी आजवर विसरलो नाही. मी डिप्लोमा झालेला माणूस. त्याने मला धोक्याची खूण सांगितली आणि मी तिला शुभशकुन समजलो.

पुढच्याच क्षणी तो गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला. घरातला मुलगा शिडीवर पाय ठेवून उतरू लागला. म्हातारीने त्याचा सदरा मागून धरला आणि ओरडली, "दोर ओढा! दोर ओढा!" चौघांनी ओढून मजुराला वर काढले. श्वास होता, शुद्ध नव्हती. बैलगाडीच्या वाटेने जीप काढून तालुक्याला नेले, ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी तो घरी आला. पुढे कितीतरी दिवस त्याचे डोके दुखत असे आणि गोष्टी आठवत नसत. तो जगला तो माझ्या शिक्षणाने नाही, तर म्हातारीच्या दोराने.

वाकडीची विहीर

सगळ्यांनाच असा दोर मिळत नाही. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडी गावी एका पडक्या विहिरीत गोबरगॅसची रबडी साठविली होती. तिच्यात मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. असे करता करता पाच जणांचा जीव गेला. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, म्हणून त्याला ओढून काढता आले.

अशा खड्ड्यात एकटा हायड्रोजन सल्फाइड नसतो. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन असतात, ऑक्सिजन कमी असतो. सगळे मिळून घात करतात. पण मरणाची रीत तीच. पहिला माणूस अज्ञानाने मरतो, पुढचे माणसे मायेने मरतात. आपला माणूस डोळ्यांदेखत पडल्यावर काठावर उभे राहणे कोणाला जमते? म्हणूनच हा विचार त्या वेळी नव्हे, आज घरात बसून करून ठेवायचा आहे.

सभासदांनी काय करावे?

१. गोबरगॅसची टाकी, रबडीचा खड्डा, सेप्टिक टँक, वापरात नसलेली विहीर यांत माणूस उतरवूच नये. गाळ पाणी घालून पातळ करून पंपाने किंवा टँकरने वरूनच उपसावा. सेप्टिक टँक आणि गटार यांच्या धोकादायक सफाईसाठी साधनांविना माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

२. उतरणे अटळच असेल तर ते काम वायू मोजण्याचे यंत्र, हवा फेकणारा पंखा, बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा आणि अंगाला पट्टा असलेल्या जाणत्या पथकाचे आहे. तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा धुळीचा मास्क या वायूला अडवीत नाही.

३. कंदील किंवा पेटता कागद खाली सोडून पाहण्याची जुनी रीत येथे बंद करावी. हा वायू आणि मिथेन दोन्ही पेट घेतात. शिवाय कंदील जळत राहिला म्हणजे हा वायू नाही, असे सिद्ध होत नाही.

४. झाकण काढून चार दिवस झाले म्हणून धोका गेला असे समजू नये. वायू गाळात अडकलेला असतो आणि फावडे लागताच सुटतो. सेप्टिक टँकमध्ये किंवा गाळात संडास साफ करण्याचे ॲसिड ओतू नये. ॲसिड पडताच वायू एकदम बाहेर येतो.

५. माणूस आत पडला तर कोणीही मागे उतरू नये. कमरेचा दोर असेल तर ओढावा. ताबडतोब १०८ ला आणि ११२ ला फोन करावा, अग्निशामक दल मागवावे.

६. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत न्यावे, कपडे सैल करावेत, श्वास चालू असेल तर कुशीवर निजवावे. श्वास बंद असेल तर ज्याला येते त्याने छाती दाबणे सुरू करावे. कांदा हुंगविण्यात वेळ घालवू नये. लवकर ऑक्सिजन मिळणे हाच मुख्य उपचार. कोणत्या खड्ड्यात पडला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

७. शेगडीकडे जाणाऱ्या गोबरगॅसच्या नळीत लोखंडाच्या गंजलेल्या किसाची गाळणी बसवावी. हा वायू त्यात अडकतो, भांडी कमी काळी पडतात आणि स्वयंपाकघरातली हवा सुधारते.

८. उनकेश्वरला जरूर जावे. हृदयरोगी, रक्तदाबाचे रुग्ण आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारून जावे. चालू औषध बंद करू नये.

शेवटी मजुरांविषयी एक शब्द. उन्हाळ्यात गाळप संपले, की टाक्या साफ करण्याचे काम निघते. रोजच्या मजुरीपेक्षा शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन आपण कोणाला तरी उतरवितो. गरजू माणूस नाही म्हणत नाही. म्हणून नाही म्हणण्याची जबाबदारी त्याची नसून आपली, म्हणजे मालकाची आहे.

परवा त्या काकाजींच्या गावी पुन्हा जाणे झाले. त्यांना हे सगळे टनाच्या हिशेबात सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "यंदा खड्ड्यात कोणी उतरत नाही. मडपंप आन." मला गटसभेत टाळलेल्या उत्तराची परतफेड झाल्यासारखे वाटले.

आपल्याही घरी टाकी असेल तर हा अंक वाचून झाल्यावर बाजूला टाकू नका. टाकी साफ करणाऱ्याला तो वाचून दाखवा. "वास गेला" हे शब्द कानावर पडले, की काम तेथेच थांबवा आणि माणसाला वर ओढा.

आपला,
ऊस विकास अधिकारी